हिरडीच्या रंगाचा फासा आणि लाकडी मनोरा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. सापशिडीतला सहा बाजूंचा नव्हे, चांगला वीस बाजूंचा. आणि ऐकायला बसलाच आहात तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, उगाच दुसरीकडून तुमच्या कानावर यायला नको. मी जळकुकडा आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. त्यातून ते दुसरं लाकडाचं असेल, तर विचारूच नका.

माझा जन्म कवळ्या बनवायच्या खोलीत झाला. दातांच्या दवाखान्यामागे ही खोली आहे. एक लांब टेबल, पॉलिशचं गरगर फिरणारं चाक, मेण वितळवायचा छोटा दिवा, आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. इथे ताई कवळ्या करते. तिला हे काम तिच्या मामांनी शिकवलं, आणि मलाही मामांनीच घडवलं. कुणाच्या तरी कवळीतून थोडं गुलाबी ॲक्रिलिक उरलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून मामांनी मेणाचा गोळा घेतला आणि नुसत्या नजरेच्या अंदाजानं त्याच्यावर वीस बाजू कोरल्या. तो गोळा प्लास्टरमध्ये पुरला, गरम पाण्यानं मेण वाहवून टाकलं, आणि राहिलेल्या पोकळीत मला दाबून भरलं. मग मला उकळलं. हो, चक्क उकळलं! बाहेर आल्यावर चाकावर घासूनपुसून चकचकीत केलं आणि अंगावर आकडे कोरून काळा रंग भरला. तेव्हापासून माझा रंग हिरडीचा आहे. नवा माणूस मला हातात घेताना जरा दचकतो. दचकू दे. दुकानात मिळणारे फासे ढिगानं असतात, माझ्यासारखा मी एकटाच.

माझं काम होतं रविवारी दुपारी. दवाखाना बंद असायचा. ताई टेबलावरची प्लास्टरची भुकटी ओल्या फडक्यानं पुसायची आणि चौघं जण बसायची: ताई, मामा, ताईची वहिनी आणि शेजारचा सुतार. वहिनी टपाल कचेरीत खिडकीवर बसायची आणि तिथे दिवसभर गिळलेलं सगळं बोलणं इथे येऊन बोलायची. खेळ ताईनं स्वतः रचलेला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. ताई गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. आपल्या माणसानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

गोष्ट होती मुक्या शहराची. त्या शहरात सगळे आवाज सरकारच्या मालकीचे. रोज सकाळी माणसाला त्या दिवसापुरते शब्द पुडीत बांधून मिळतात. ते संपले की दुसऱ्या सकाळपर्यंत तोंड बंद. भिंतींना खरोखरचे कान फुटलेले, ओलसर, हलणारे. उसना शब्द कुणी बोललं की कान फडफडतात आणि वेचणारे येतात. वेचणारे माणसाला मारत नाहीत. ते चिमट्यानं त्याच्या तोंडातून आवाज उपटून नेतात, आणि माणूस तसाच पुढे जगत राहतो. ताई हे इतक्या हळू आवाजात सांगायची, आणि वरून ते प्लास्टरचे जबडे असे वासून बघत असायचे, की वहिनी पाय स्टुलावर वर घेऊन बसायची.

"ताई, जरा दिवा लावा ना," ती म्हणायची.

"भर दुपारी?" सुतार हसायचा, पण उठून दिवा लावायचा तोच.

आता मुद्द्याचं बोलतो. त्या शहरात जादूला बंदी होती, तरी जादू होती. काय हवं ते एका श्वासात बोलायचं आणि मला टाकायचं. बारा किंवा त्याच्यावर पडलं तर जादू झाली. खाली पडलं तर शहर तुमच्या आवाजातलं काहीतरी नेणार. आधी हसू, मग गाणं, शेवटी नाव. नाव गेलं की त्या माणसाला टेबलावर कुणी नावानं हाक मारायची नाही. बघा, केवढा अधिकार होता माझा! चार मोठी माणसं श्वास धरून बसायची आणि मी टेबलावर गडगडत जायचो. मी थांबेपर्यंत कुणी पापणी हलवत नसे.

मामा गोष्टीत दवंडीवाला झाले होते. मुक्या शहरातला दवंडीवाला, म्हणजे कामच गेलेला माणूस. एका रविवारी खेळणारे तिघंही उपटलेले आवाज कोंडायच्या तळघरात अडकले, भिंती कानांनी भरून आल्या. मामांनी मला दोन्ही तळव्यांत धरून हलवलं आणि म्हणाले, "पड रे बाबा नीट. तुला मी कोरलाय, लाज राख." मी विसावर पडलो. तळघराचं दार उघडलं, वहिनी किंचाळली, सुतारानं माझा मुका घेतला. त्याच्या मिशीला लाकडाचा भुसा होता, पण मी चालवून घेतलं. त्या वेळी माझ्याएवढं सुखी कोण होतं, सांगा!

पुढे मामांचे हात कापायला लागले. आधी मेणावरची सुरी घसरू लागली. मग एका बाईची कवळी दवाखान्यातून परत आली, वरचे दात खालच्यांवर बसेनात. ताईनं ती गुपचूप दुरुस्त केली, पण मामांच्या ते लक्षात आलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, आता मी घरी बसतो. त्यांची सुरी ताईच्या सुऱ्यांत गेली. मामांना राहिला तेवढा रविवार. तो दिवस मात्र ते कधी चुकवत नसत, उलट सगळ्यांच्या आधी येऊन टेबल पुसून ठेवत. मला टाकताना त्यांना कसली अडचण नव्हती. कापणारा हात फाशाला फुकटात हलवून देतो.

आणि मग तो आला.

झालं असं, की ताईच्या डोक्यात आलं, खेळातली भीती कमी झाली आहे. "फासा काय, पडला तर पडला," ती म्हणाली. "त्यात आपलं काही नसतं. जादू करताना आपल्या हाताला भीती वाटली पाहिजे." हे माझ्यासमोर बोलली! मग सुतारानं उरलेल्या पट्ट्यांचे सारखे ठोकळे कापले, गुळगुळीत घासले, आणि टेबलाच्या मधोमध त्यांचा मनोरा रचला. नवा नियम असा: जादू करायची तर मनोऱ्यातला एक ठोकळा ओढून वर ठेवायचा. राहिला उभा तर जादू झाली. ज्याच्या हातून पडला, त्याच्या माणसाला वेचणारे नेणार. कायमचं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कालचा पोर तो, अजून पॉलिशचा वास गेला नव्हता, आणि सगळे काय बघत होते त्याच्याकडे! वहिनीनं पहिला ठोकळा ओढला तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला होता. माझ्यासाठी तिला कधी घाम आला होता? मी मनाची समजूत घातली की नव्याचे नऊ दिवस. मला उचलून मेणाच्या डबीत टाकलं होतं. टेबलाच्या कडेला, झाकण उघडं. झाकण लावलं असतं तर बरं झालं असतं, निदान बघावं तरी लागलं नसतं.

पण मित्रांनो, माझ्याहून वाईट अवस्था मामांची होती. त्यांची पाळी आली आणि त्यांनी हात पुढे केला. हात कापत होता. मनोऱ्याला लागण्याआधीच सुतार पटकन म्हणाला, "मामा, थांबा, मी काढतो तुमच्यासाठी."

"हो हो, तुम्ही नुसतं सांगा कुठला काढायचा ते," वहिनी म्हणाली.

ताईनं मान डोलावली. तिलाही ते बरंच वाटलं असावं. मामांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. "काढ," ते म्हणाले.

सुतारानं ठोकळा अलगद काढला. जादू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही चूक मायेनं केलेली होती, म्हणून कुणाला ती दिसली नाही. मला दिसली, कारण मला टाळ्या कुणाला पडतात ते बघायची खोडच आहे. मामांना पडल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. दवंडीवाला हळूहळू कमी बोलायला लागला. जादू करायची वेळ आली की मामा म्हणत, "राहू दे, तुम्ही करा, मी मागे उभा राहतो." मुक्या शहरानं नेला नव्हता त्यांचा आवाज, टेबलावरच्या तिघांनी नेला होता. आणि एका रविवारी मामा आलेच नाहीत. डोळे दुखतात, असा निरोप आला. मग पाठ दुखते. मग निरोपही आला नाही. त्यांच्या स्टुलावर वहिनी तिची पिशवी ठेवू लागली.

आता खरं सांगू? मला आनंद झाला. मामा गेले याचा नव्हे हो, एवढा पण वाईट नाही मी. पण वाटलं, आता ताईला कळेल, हा लाकडी मेला किती अपशकुनी आहे ते. आता ती मला डबीतून बाहेर काढेल.

मामा आले ते मधल्याच एका वारी. ताई एका कवळीला पॉलिश करत होती. त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

ताईनं चाक बंद केलं. "हे काय, मामा?"

"किल्ली. आता मला काय करायचीय? कामाला येत नाही, खेळायला येत नाही."

"खेळायला का येत नाहीस? डोळे दुखतात म्हणून?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय! अगं, तुझी जादू न कापणाऱ्या हातांची आहे. मी तिथे बसून काय करू?"

ताईचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं मेणाच्या डबीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. मित्रांनो, माझा जीव असा हरखला म्हणता! "मी मनोरा काढून टाकते," ती म्हणाली. "फासा परत आणते. तुझाच फासा आहे. ये ना रविवारी."

म्हणा, हो म्हणा, मी मनातल्या मनात ओरडत होतो. मामांनी मला हातात घेतलं, जरा फिरवून बघितलं, आणि परत डबीत टाकलं.

"माझ्यासाठी खेळ मागे नेऊ नकोस," ते म्हणाले. "तुझा मनोरा चांगला आहे. खरंच भीती वाटते त्याची. पण ती भीतीसुद्धा तुम्ही मला घेऊ देत नाही. माझा ठोकळा तो सुतार काढतो आणि जिंकतो मी. असलं जिंकणं काय कामाचं? अगं पोरी, मला जिंकू देऊ नका एक वेळ, पण हरू तरी द्या!"

ताई रडली. मामा रागावले, मग त्यांनीच तिला पाणी आणून दिलं. जाताना ताईनं किल्ली त्यांच्या खिशात परत टाकली आणि त्यांनी ती टाकू दिली.

रविवारी मामा आले. वहिनीनं पिशवी उचलली. ताईनं सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, ज्याची जादू त्याचाच हात. सुतार काही बोलणार होता, वहिनीनं टेबलाखालून त्याला पाय मारला.

गोष्टीत तिघं शहराच्या वेशीवर होते. वेशीचं दार बंद, मागून वेचणारे येताहेत, भिंतीवरचे कान ताठ झालेले. दार जादूनंच उघडणार होतं. मनोरा तोवर पोखरून पोखरून डगमगायला लागला होता. वहिनी म्हणाली, "मी करते."

"नाही," मामा म्हणाले. "मी. दवंडीवाला मी आहे."

"मामा, हात दाखवून अवलक्षण होईल," सुतारानं शेवटी न राहवून म्हटलंच.

"होऊ दे."

त्यांनी एका श्वासात जादू म्हटली. हात पुढे केला. तो असा कापत होता की मलाच धडधडायला लागलं. बोटं ठोकळ्याला लागली, ठोकळा थोडा सरकला, अर्धा बाहेर आला. वहिनीनं तोंडावर हात दाबला. आणि मनोरा कोसळला.

ठोकळे टेबलभर उधळले. एक ठोकळा माझ्या डबीवर आदळला, डबी खाली पडली, मी फरशीवर गडगडत टेबलाखाली गेलो.

"नाही नाही, हे धरायचं नाही," सुतार घाईनं ठोकळे गोळा करत म्हणाला. "परत रचतो. टेबलच हललं."

"टेबल नाही हललं. माझा हात हलला." मामांचा आवाज मी इतक्या दिवसांत तेवढा मोठा ऐकला नव्हता. "पडला म्हणजे पडला. माझा माणूस गेला. आता रडा जरा त्याच्यासाठी, चांगला होता बिचारा!"

वहिनी आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. ताईनं वेचणाऱ्यांना आणलं आणि दवंडीवाल्याचं काय झालं ते सांगितलं, एक अक्षर न गाळता, मऊ न करता. मामा पुढे झुकून ऐकत होते. ते संपल्यावर सुतारानं त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारली, खेळगड्याला मारतात तशी. मामा म्हणाले, "आता मी टांगेवाला होणार. नवा माणूस लिहायला कागद द्या कुणीतरी."

आणि मी? मी टेबलाखाली विसावर पडलो होतो. वीस, मित्रांनो! वर टेबलावर काहीही कोसळू दे, मी माझ्याकडून सगळ्यात मोठं पडून दाखवलं होतं. कुणी खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. झाडणाऱ्या बाईनं मला उचलून डबीत टाकलं, तेव्हा मी सातावर होतो.

मामांची गोष्टीतली माणसं त्यानंतर एकामागून एक जात असतात. टांगेवाला गेला, शिंपी गेला, एक मांत्रिकीण तर पहिल्याच ठोकळ्याला गेली. मामा रविवार चुकवत नाहीत. मी उघड्या डबीतून बघतो आणि जळतो. इतकी वर्षं मी त्यांना बारा दिले, पंधरा दिले, वीस दिले. त्यांना हवं होतं ते मात्र त्या लाकड्यानं दिलं, आणि हे मला मरेपर्यंत सलत राहणार.

तेव्हा मित्रांनो, जळक्याचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या खेळात कुणाचा हात कापत असेल, तर त्याला जागा द्या, वेळ द्या, हवं तर दिवा लावून द्या. पण त्याचा ठोकळा तुम्ही काढू नका. तो पडेल, तुम्हाला वाईट वाटेल, वाटू द्या. आणि मनोरा परत रचताना एखादा फासा पायाखाली आला, तर कृपा करून त्याच्यावर काय पडलंय तेवढं बघा.