दुसऱ्या बंदुकीची चौकशी

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुनी एकनळी बंदूक आहे खरी, पण माझ्यात काडतूस नाही आणि माझ्या खोलीला बाहेरून कुलूप आहे. पोलीस ठाण्यातल्या या खोलीत जप्त केलेला माल ठेवतात. माझ्या एका बाजूला चोरीची सायकल आहे, दुसऱ्या बाजूला हातभट्टीचे पिंप. संगत कशी आहे ते तुम्हीच ठरवा.

कारखान्यातून निघाले ती मी नाशिकच्या एका दुकानात आले आणि काचेच्या कपाटात साखळीला बांधली गेले. बांधलेली गाय निदान चरायला सुटते. मला तेही नव्हते.

१९७८ साली घोटीकडच्या एका खेड्यातून सहादू आणि त्याची बायको यशोदाबाई त्या दुकानात आली. ओढ्याकाठच्या पट्टीत यशोदाबाईंनी हट्टाने उन्हाळी भुईमूग लावला होता आणि रानडुकरे तो सारखा उकरून खात होती. "अजून एकदा खाल्ला, तर पट्टी थोरल्या भावाला देऊन टाकीन," असे सहादूने बजावले होते. म्हणून पिकाच्या राखणीचा परवाना काढून दोघे आले होते.

सहादूची नजर खिळली ती दुनळीवर.

"पाटील, नजर आहे तुमची!" दुकानदार शेठ म्हणाले.

"लाथ मारती का?" यशोदाबाईंनी म्हैस घ्यावी तसे विचारले.

"थोडा धक्का बसतो खांद्याला."

"मंग दोन नळ्यांच्या दोन लाथा. ह्यांचा खांदा तर बघा, पोरावानी."

किंमत ऐकून तो खांदा आणखी पडला. मग शेठजींनी मला बाहेर काढले. मी स्वस्त होते. माझ्या टोकाला नेम धरायला पितळेची बारीक माशी होती आणि समोर आलेल्या डुकराला तेवढी पुरेशी होती. पण वाचलेले पैसे सहादूच्या खिशात टोचू लागले. त्याने माझ्यावर एक दुर्बीण बसवून घेतली.

"अहो, डुक्कर बांधावर येतं, चंद्रावर नाय," यशोदाबाई म्हणाल्या.

पहिल्याच संध्याकाळी सहादूला दुर्बिणीतून डुकराचा एक राठ केस अगदी स्पष्ट दिसला. डुक्कर कुठे आहे ते काही दिसले नाही. त्याने गोंधळून आभाळात बार काढला आणि डुकरे पळाली. मित्रांनो, माझा सगळा पराक्रम एवढाच. तरी भुईमूग घरात आला. दसऱ्याला मला हळदकुंकू लागले, शेजारपाजारचे मला बघायला आले. एरवी मी लोखंडी पेटीत गोधडीखाली पडून असे, आणि पेटीची किल्ली यशोदाबाईंच्या कमरेला.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोक मत द्यायला बाहेर पडतात तेव्हा मी आत जाते, असा माझा अनुभव आहे. ऐंशी साली तर दोनदा मतदान झाले. दुसरे आले ते नेमके मे महिन्यात, शेंगा भरल्या तेव्हा. हवालदार वाल्मीक यांनी मला ठेवून घेतले आणि दुर्बीण काढून सहादूच्या हातात दिली. ती परवान्यात नव्हती.

सहादूला राखणीच्या माळ्यावर मोकळ्या हाताने बसायची लाज वाटली. त्याने ती दुर्बीण घरच्या मुसळाला सुतळीने बांधली आणि मुसळ मांडीवर घेऊन बसला. डुकरे फसली नाहीत. बांधाशेजारचा बहिरू मात्र फसला. सहादूजवळ दुसरी, बिनपरवान्याची बंदूक आहे, असा अर्ज त्याने ठाण्यात दिला.

हे मला कोठडीत कसे कळले, असे तुम्ही विचाराल. बाजाराच्या दिवशी सहादू मला तेल लावायला येई. तो पुसत असे आणि बोलत असे.

"काल दिवेलागणीला पोलिसांची जीप आली," तो म्हणाला. "हा एवढा उजेड, वर भोंगा. डुकरं जी पळाली ती थेट डोंगरावर. मी मुसळ दाखवाया उतरलो, तर यशोदानं ते पाचटात दडवलेलं. म्हणती, दाखवू नका. उद्या बी येऊ द्या त्यान्ला."

जीप रोज येऊ लागली. पोलिसांनी सगळे शेत पालथे घातले, वेलाला मात्र धक्का लावला नाही. यशोदाबाई पुढे कंदील धरून उभ्याच असत.

"आता मुसळ दाखवलं तर चौकशी मिटंल आन तू सुटशील," सहादू मला म्हणाला. "पर जीप बंद होईल, आन मंग पट्टी गेली. काय करू?"

बंदुकीला असे विचारायची पद्धत नाही. त्याने माझी नळी आतून पुन्हा पुसली, पुसलेलीच होती तरी, आणि मान खाली घालून गेला. तेव्हाच मला उत्तर कळले.

निवडणुकीचा निकाल लागला. इतरांच्या बंदुका एकेक करून घरी गेल्या. भुईमूग निघाल्यावर यशोदाबाई शेंगांचे गाठोडे आणि सहादू मुसळ घेऊन ठाण्यात आले.

"हवालदारसायेब, ही घ्या दुसरी बंदूक."

"हे मुसळ आहे."

"तेच तर सांगतोय!"

"सहादूभाऊ, अर्जात बंदूक लिहिलंय. मुसळाची चौकशी करून वर काय कळवू?"

"मंग आमची पहिली तरी द्या," यशोदाबाई म्हणाल्या.

"वहिनी, चौकशी चालू असताना कशी देऊ? दुसरी सापडली की दोन्ही एकदम न्या." वाल्मीक यांनी शेंग फोडली. "गोड आहेत हो."

यशोदाबाई पुढे सरकल्या. "म्हंजे पुढल्या उन्हाळ्यात बी जीप येणार?"

"चौकशी संपेपर्यंत यावंच लागतं."

यशोदाबाईंनी सगळे गाठोडे टेबलावर ठेवले. सहादूने माझ्याकडे पाहिले आणि पटकन नजर वळवली.

पट्टी अजून यशोदाबाईंचीच आहे. दर उन्हाळ्याला तिथे भुईमूग होतो आणि दर उन्हाळ्याला तिथे जीप जाते. मी इथेच आहे. सहादूचे गुडघे दुखतात, तेल घेऊन येणे कमी झाले आहे. माझ्या नळीला आतून गंज चढला आहे. गंज आत आला तेव्हा कुलूप लावलेलेच होते. म्हणून मित्रांनो, घरात एखादी वस्तू जपून ठेवली असेल, तर तिला अधूनमधून बाहेर काढा, पुसा, दोन शब्द बोला.

आणखी एक विनंती. खेळताना कुठे सहादूची ती दुसरी बंदूक दिसली, तर हात लावू नका, पण ठाण्यात जरूर कळवा. ती कधी नव्हतीच, हे मला ठाऊक आहे. तरी नीट शोधा.