एका सुईची बाई

ताईंनी फ्रिजमधली रक्ताची नळी काढून पुसली आणि पेशंटचं नाव त्यांच्या हातमोज्याच्या अंगठ्यावर आलं.

दुसरी पुसली, तेच. ट्रेमध्ये काल संध्याकाळच्या एकोणीस नळ्या होत्या. बाहेर काढताच सगळ्यांवर दव धरलं होतं आणि लेबलांवर निळा चिखल झाला होता. कोणतं रक्त कोणाचं, ते आता देवालाच ठाऊक.

मॅनेजरला बोलावणं गेलं. मॅनेजर म्हणजे लॅबच्या मालक डॉक्टरांचा मेहुणा, लॅबशी त्याचा संबंध तेवढाच. परवा लेबलांच्या प्रिंटरची शाई संपली, तेव्हा ताईंनी बजावलं होतं, कंपनीचीच कार्ट्रिज आणा, ती शाई पाण्याला दाद देत नाही. त्याने 'अगदी तश्शीच' म्हणून दुसरीच कुठली तरी उचलून आणली. तरीही निभावलं असतं, कारण ताई प्रत्येक लेबलावर छापील नावाखाली बॉलपेनने नाव लिहायच्या. सव्वीस वर्षांची सवय! तीही त्याने मोडली. "खरडू नका हो, लॅब आहे ही, वाण्याचं दुकान नाही," म्हणाला. आणि ताईंनी, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, ऐकलं.

"फ्रिज कोणी उघडा टाकला?" त्याने येताच विचारलं.

"फ्रिज बंदच होता. शाई कच्ची आहे तुमची."

"शाई ती शाई. कागदावर झक्क उमटते."

"कागद फ्रिजमध्ये ठेवतो का आपण?"

"जीभ आवरा, ताई."

"आवरते. एकोणीस जणांना परत टोचायचंय, त्यांना काय सांगू?"

"नमुना खराब झाला म्हणावं."

"कोणी केला?"

तो हसला. "रक्त कोणी काढलं होतं?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आजवर एका नमुन्यासाठी कोणाला दुसऱ्यांदा सुई टोचली नव्हती. लोक लॅबचं नाव घेत नसत, 'एका सुईच्या बाईकडे जाऊन येतो' म्हणत. ना खुर्ची बदलली, ना हुद्दा. आयुष्यात कमावलं ते एवढं एक नाव.

फोन गेल्यावर सगळ्यांत आधी आले शिंपीकाका. त्यांच्या शिरा दोऱ्याएवढ्या. पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईने एकदा त्यांचा हात काळानिळा केला होता. तेव्हापासून दर महिन्याला ते तासभर ताटकळत, पण ताईंच्याच टेबलाशी बसत. "सुई धरावी तर तुम्ही, नाहीतर मी," म्हणत.

"परत का बोलावलंत?" काकांनी विचारलं.

ताईंनी तोंड उघडण्याआधी मॅनेजर पुढे झाला. "ताईंच्या हातून नमुना बिघडला, काका. वय होतंय त्यांचं. घ्या सांभाळून."

"साफ खोटं!" ताईंचा आवाज चढला. "लेबलाची शाई पुसली गेली, काका. शाई खराब आणलीय यांनी."

"बघा, आता शाईवर ढकलतायत."

केबिनच्या दारात डॉक्टर उभे होते. सगळं ऐकून त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

काकांनी दोघांकडे पाहिलं. "माप चुकलं की कापड आटलं, असं मीही सांगायचो गिऱ्हाइकांना," ते हळू आवाजात म्हणाले. "चालायचंच, ताई. होतं एखाद्या वेळी."

रागावले असते तर परवडलं असतं. ताईंनी सुईचं पाकीट फोडलं, तोवर काका उठले होते. बाही वर सारत ते चष्मेवालीच्या टेबलाशी जाऊन बसले.

तिला तिसऱ्या खेपेला शीर सापडली. काका डोळे घट्ट मिटून बसले होते. ताई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. लेबल चिकटवून होताच त्यांनी नळी तिच्या हातून घेतली आणि लेबलावरच्या छापील नावाखाली बॉलपेनने काकांचं नाव लिहायला घेतलं.

"खरडू नका म्हटलं होतं ना?" मॅनेजर मागून खेकसला.

ताईंनी आडनावापर्यंत सगळं नाव लिहिलं. मग कापसाचा बोळा काकांच्या हाताशी नेला. "दोन मिनिटं दाबून धरायचं हं."

"कळतं मला," काका म्हणाले. त्यांनी बोळा ताईंच्या हातून घेतला आणि स्वतःच दाबून धरला.