सात तळ्यांची फेरी

पन्नासाव्या वाढदिवसाला काय हवं ते वहिनीने स्वतःच सांगून टाकलं. "ताई, मला सायकलसाठी एक फेरी आखून द्या. तळ्यांच्या बाजूची. आणि सोपी नको हं, चांगली दमछाक झाली पाहिजे."

ताई म्हणजे तिची मोठी नणंद. रस्तेखात्यात नकाशे काढण्यात तिची तीस वर्षं गेली होती, आणि सायकल तर त्याच्याही आधीपासूनची. दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा बदलला आणि सायकल सुटली. वहिनीचं उलटं. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी ही बाई शेहेचाळिसाव्या वर्षी सायकलवर बसली आणि मग उतरायचं नाव घेईना.

ताईने त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. एक टोक मिठाच्या बरणीखाली, दुसरं भावाच्या चहाच्या कपाखाली.

"फोनवर एका मिनिटात होतं हे," भाऊ कप उचलता उचलता म्हणाला.

"कप ठेव खाली," ताई म्हणाली.

चार दिवसांत फेरी तयार झाली. सात तळी, एकशे अठ्ठावीस किलोमीटर, मध्ये गावं तुरळक, आणि एक डोंगर. तो डोंगर ताईने सुरुवातीलाच घेतला, पाय ताजे असताना. पण कागदावर तिचा कधीच विश्वास नव्हता, कारण कागद काढणाऱ्यांना ती ओळखून होती. ती गाडी घेऊन रस्ता बघायला निघाली.

तिसऱ्या आणि चौथ्या तळ्यांमध्ये गाडं अडलं. नकाशातला रस्ता जागेवर होता, पण त्यावर नुसती खडी. बारीक टायरची सायकल तिथे टिकली नसती. दोन तळ्यांमध्ये एक लांबलचक बांध होता आणि त्यावर काचेसारखा गुळगुळीत रस्ता. फाटकापाशी पाण्याची दारं सांभाळणारा म्हातारा राखणदार खुर्ची टाकून बसला होता.

"इथून सायकल जाऊ देता का?"

"सायकल जाऊ दे की. मोटार नाही. पण दहाच्या आत यायचं. दहाला मी कुलूप लावून पलीकडच्या दारांवर जातो."

ताईने गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून हिशेब मांडला. आखलेल्या दिशेने आलं तर इथे पोहोचायला अकरा वाजत होते. फेरी उलटी फिरवली तर साडेनऊ. पण मग तो डोंगर येणार शंभर किलोमीटर झाल्यावर, आणि तोही खड्या बाजूने.

"मग काय," वहिनी ऐकून म्हणाली, "दमछाकच मागितली होती."

रविवारी दोघी नुसता चढ करून बघायला गेल्या. चार किलोमीटर, नऊ वळणं. ताई माथ्यावर गाडीत घड्याळ घेऊन बसली. पंचवीस मिनिटं झाली, पस्तीस झाली. शेवटी ती गाडी घेऊन खाली उतरली, तर वहिनी पाचव्या वळणावर दगडावर बसलेली. चेहरा लालबुंद. सायकल शेजारी गवतात आडवी.

"पाय ताजे असताना ही गत," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी तर मला पोत्यात घालून न्यावं लागेल."

ताई तिच्या शेजारी बसली.

"चूक माझी आहे," ती मग म्हणाली. "ही फेरी मी तुझ्यासाठी आखलीच नाही. माझ्यासाठी आखली. तीस वर्षांची जी मी होते ना, तिच्यासाठी. डोंगर काढून टाकते. खालून सपाट रस्ता आहे."

वहिनीने बाटलीतलं उरलेलं पाणी मानेवर ओतलं.

"डोंगर राहू दे. तुम्ही माझे पाय हिशेबात धरून पुन्हा आखा."

आता ताईला खरं काम मिळालं. सायकल दुरुस्तीवाल्याकडून तिने मागच्या चाकाला जास्त दात्यांची मोठी चकती बसवून घेतली. "याने पायी चालल्यासारखं जाल, पण जाल," तो म्हणाला. डोंगराच्या पायथ्याशी तिने पाऊण तासाची विश्रांती घातली. पहिल्या साठ किलोमीटरसाठी वेग ठरवून दिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या, कारण वहिनी सकाळी उधळते हे तिला ठाऊक होतं.

ठरल्या दिवशी वहिनी सहाला निघाली. साडेनऊला बांधावर होती. राखणदाराने फाटक उघडून हात दाखवला आणि दोन्ही बाजूंना पाणी असलेल्या त्या रस्त्यावरून ती एकटी गेली. पलीकडे ताई उकडलेले बटाटे आणि मीठ घेऊन उभी होती. पाचव्या तळ्यावर समोरून वारा आला, सहाव्याला तो वाढला. पायथ्याशी वहिनी पाऊण तास झाडाखाली आडवी झाली आणि त्यातली वीस मिनिटं चक्क घोरली.

चढाला तिला पन्नास मिनिटं लागली. सातव्या वळणावर एकदा पाय टेकले, तेवढंच. माथ्यावर ताई गाडीबाहेर उभी होती. वहिनी आली, सायकल तिच्या हातात दिली आणि रस्त्याच्या कडेला पसरली.

"ताई, तुमचं गणित चुकलं," ती आभाळाकडे बघत म्हणाली. "तुम्ही पंचावन्न मिनिटं लिहिली होती."

"वहीत सुधारून घेते," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण वहिनीचे मिटलेले होते, त्यामुळे पुसायची घाई नव्हती. खाली सातवं तळं उन्हात पसरलं होतं. थोड्या वेळाने वहिनी उठली, सायकल मागून घेतली आणि उताराला लागली. ताई गाडीच्या काचा खाली करून तिच्या मागोमाग सायकलच्याच वेगाने निघाली. मागचा एक ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला, तिने त्याला खुशाल वाजवू दिला.