मुगाएवढं भिंग आणि मातीच्या चार खोल्या

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे आणि मुगाच्या दाण्यापेक्षा मोठं नाही. हसा खुशाल! पण त्या जानेवारीत कुंभकोणमच्या एका घराचा जीव माझ्यामुळे भांड्यात पडला, तेवढं ऐका.

माझी पहिली अकरा वर्षं डीव्हीडी प्लेअरच्या पोटात गेली. समोर गरगरणारी चकती आणि लाल उजेडाचा ठिपका. लोक सिनेमे पाहून रडायचे, शिट्ट्या मारायचे. मला मात्र एकाही नटाचं नाकसुद्धा दिसलं नाही. मग प्लेअर बिघडला, माळ्यावर गेला आणि सगळे मला विसरले.

नववीतल्या कयलने एका दुपारी त्याचे स्क्रू काढले, मला अलगद उचललं, केसांच्या पिनेत अडकवलं आणि चिकटपट्टीने फोनच्या कॅमेऱ्यावर बसवलं. आणि मला दिसायला लागलं! कढीलिंबावर मिशा पुसणारी मुंगी दिसली. भिंतीवरच्या कोळ्याने तर पुढच्या चारही डोळ्यांनी आम्हालाच न्याहाळलं. माझी खोड एकच. बोटभर जवळ गेल्याशिवाय मला काही दिसत नाही. म्हणून कयल श्वास रोखून धरायला शिकली.

"पुस्तकात असं नाक खुपसलं असतंस तर कलेक्टर झाली असतीस!" पाट्टी, म्हणजे तिची आजी, म्हणायची.

"पुस्तक मिशा पुसत नाही ना पाट्टी!"

त्या थंडीत कयलची मावशी, सुगंदी चित्ती, बाळंतपणाला माहेरी आली. हात काचेच्या बांगड्यांनी भरलेले. तिच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने मातीच्या चार खोल्या बांधल्या होत्या. पाट्टीला आनंदच आनंद! बाळ येणार त्या घरात कुंभारीण घर बांधते, आणि बाळ येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नसतो. चित्तीचं एक बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळे ती रोज सकाळी आधी ते घर पाहायची, मगच कॉफी प्यायची.

आणि पोंगलच्या रंगकामाला आलेल्या सेल्वमने पत्र्याने ते खर्रकन् खरवडलं.

"अरे चांडाळा, डोळे काय चुन्यात बुडवून आलास?" पाट्टी ओरडली.

"अम्मा, मला वाटलं चिखल आहे! कुणी सांगितलं होतं मला?"

चित्ती पोटावर हात ठेवून मटकन खाली बसली.

कयलने ते ढेकूळ तळहातावर घेतलं आणि मला त्याच्यावर धरलं. पहिल्या खोलीला गोल भोक, आत फाटका रिकामा कोश.

"चित्ती, बघ! हे भोक आतून पाडलंय. हे पिल्लू कधीच उडून गेलं!"

दुसरी खोली तशीच. तिसरीही. चौथीचं तोंड मात्र बंद होतं. कयल घाईने पुढे वाकली, फोन हलला आणि मला सगळं धूसर दिसू लागलं. तिने श्वास रोखला. मागून उघड्या पडलेल्या मातीत एक तपकिरी कोश होता. अखंड. एक चरासुद्धा नाही.

"झोपलंय गं. साखरझोपेत आहे."

पाट्टीने कॉफीचा रिकामा डबा दिला, सेल्वमने कापूस अंथरला आणि तोंडाला जाळीचं फडकं बांधलं. "रोज येऊन बघीन अम्मा," तो पुटपुटला, आणि खरंच आला. पण चित्तीच्या घशाखाली कॉफी उतरेना.

नवव्या दिवशी सकाळी तिनेच हाक मारली. "कयल! धाव!"

चौथ्या खोलीच्या तोंडावरची माती आतून ओली झाली होती. कयलने जाळीचं फडकं सोडलं आणि मी जवळ गेलो. आतून दोन इवलेसे जबडे कण कण कुरतडत होते. मग एक डोकं आलं, मिशा आल्या, चुरगळलेले पंख आले. कुंभारीण खिडकीच्या चौकटीवर बसली, तिने तोंड पुसलं आणि भुर्रकन गेली.

चित्ती आधी रडली, मग बांगड्या वाजवत हसली. "आई, कॉफी दे गं! मोठा पेला भरून!"

पुढच्याच महिन्यात मुलगी झाली. कयलने माझ्यातून बाळाचं पहिलं काय पाहिलं असेल? तिच्या करंगळीचं नख. मित्रांनो, इतकं सुबक काही मी मुंगीतही पाहिलं नव्हतं.

आता माझ्यावर ओरखडे आलेत. मला पुसाल तर मऊ सुती कापडाने पुसा, शर्टाच्या टोकाने नको. आणि भिंतीवरचं मातीचं ढेकूळ खरवडण्याआधी बोटभर जवळ या, श्वास रोखा आणि बघा. आत कुणीतरी झोपलेलं असेल.