टेलाला नारळ

माझा दीर भिमाजी मंत्री झाला त्या दिवशी गावात गुलाल उधळला, डीजे वाजला, बायकांनी आरतीची ताटं घेऊन रांग लावली. मी नाय गेले. सून तेजस्विनी म्हणाली, आत्या, लोक काय म्हणतील? म्हटलं, म्हणू दे काय म्हणायचं ते, चतुराबाईचा शब्द एकच हाय.

तो शब्दच आधी सांगते. आमचं रान एकलहऱ्याच्या अंगाला, कालवा जिथं संपतो तिथं. त्याला सगळे टेल म्हणतात. पाणी सुटलं की वरचे लोक मोटारी टाकतात, पाईप घालतात, आणि आमच्या चारीत नुसता वारा येतो. बावीस वर्षांमागं भिमाजी सरपंचकीला उभा राहिला. तेव्हा तो आमच्यासंगं फ्लॉवर काढायचा, डोक्यावर क्रेट घेऊन टेम्पो भरायचा. पहिल्याच सभेत बोलून बसला, टेलाला पाणी आणीन. निवडून आला, मी ताट घेऊन दारात उभी. तेवढ्यात नजर चारीकडं गेली, कोरडी ठणठणीत, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, ताट खाली ठेवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी, पाणी आलं की ओवाळीन."

तेव्हा तो हसला होता. पुढं झेडपीत गेला, दोनदा आमदार झाला, दर वेळी मिरवणूक दारात आली की त्याची नजर माझ्या हाताकडं जायची आणि माझे हात रिकामे. मला काय आनंद नव्हता व्हय? मी लग्न होऊन आले तेव्हा हा सातवीत, माझ्या भाकरीवर वाढलेला. चारही वेळा चुलीपाशी बसून रडले हाय मी. पण हट्ट सोडला नाय.

आता मंत्री झाला, आणि खातंही मिळालं पाण्याचं. साहेब लोकांनी ठरवलं, कालव्याला पाणी सुटणार, तर मंत्रीसाहेबांच्या हस्ते धरणावर जलपूजन. रीतच हाय ती. मंत्री धरणावर नारळ फोडतात, फोटो काढतात, जेवून जातात, खाली पाणी कुठवर पोचलं ते कोण बघतो! भिमाजीनं पत्रिका हातात घेतली, धरणाचं नाव खोडलं आणि आमच्या चारीचं लिहिलं. बुधवारी सकाळी अकराला, टेलावर. पाणी नाय आलं तर नारळ तसाच परत नेईन, असं पत्रकारांसमोर बोलला.

झालं, साहेब लोकांची धावपळ सुरू. पाच दिवस कालव्यावर जीपा फिरल्या, गंजलेली दारं बदलली, झाडोरा काढला, चोरून टाकलेले पाईप उपटले. त्यात भिमाजीच्या सख्ख्या मामेभावाचा पाईप निघाला. त्यानं लगेच फोन लावला. भिमाजीनं साहेबांना सांगितलं, पहिला तोच काढा.

बुधवार उजाडला. दहा वाजले, चारी कोरडीच. मांडवात कुजबूज सुरू झाली, पत्रकार एकमेकांना कोपरानं डिवचत होते. अकरा वाजून गेले. मी ताट पदराखाली झाकून बसले होते. माझ्या एका हट्टापायी हा माणूस आज चारचौघांत तोंडघशी पडतोय, असं वाटायला लागलं. तो मांडवात बसलाच नाय. चपला काढून चारीत उभा होता, वरच्या अंगाला बघत. मी जवळ जाऊन म्हटलं, राहू द्या भाऊजी, अशीच ओवाळते, मिटवून टाकू.

"नको वहिनी," तो म्हणाला, "बावीस वर्षं थांबलीस, अजून घडीभर थांब."

मग वरच्या वळणावरून गोटीराम ओरडत आला. हा आमचा जुना पाटकरी, तीस वर्षं कालव्याची दारं उघडली त्यानं, आता रिटायर झालाय. काठी विसरला होता म्हातारा, टोपी हातात घेऊन हलवत होता. त्याच्या मागून पाचोळा सरकत आला, मग फेस, आणि मग पाणी. गढूळ, संथ, भेगा भरत भरत. भिमाजीच्या पायाला लागलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. सगळी वस्ती चारीत उतरली, पोरंसोरं, सुना, म्हातारे, साहेबसुद्धा बूट घालून. नारळ फुटला तो कुणाला ऐकूच आला नाय, एवढा कालवा झाला.

मी आधी पाण्याला ओवाळलं. मग त्याला कुंकू लावलं आणि मोजून पाच वेळा ओवाळलं: एकदा सरपंचाला, एकदा झेडपीवाल्याला, दोनदा आमदाराला, एकदा मंत्र्याला. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते. तो म्हणाला, वहिनी, भूक लागली, भाकरी वाढ.

"आधी फ्लॉवरला पाणी भरा," मी म्हटलं, "मग वाढते."

आणि मंत्रीसाहेबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, बांधावरचं फावडं उचललं आणि वाफ्याकडं गेले.