पक्का रंग

मी एक जुना कराटेचा पट्टा आहे. माझा रंग कोणता, असे मात्र विचारू नका मित्रांनो, कारण ते मलाच नीट सांगता येत नाही. उन्हात मी करडा दिसतो, सावलीत तपकिरी, आणि एका टोकाला चक्क हिरवट. लोक मला पाहून गोंधळतात. मी तर गोंधळातच जन्मलो.

जन्माने मी पांढरा होतो. माझा कापूस कोणत्या शेतातला ते आठवत नाही, पण तो यवतमाळ जिल्ह्यातलाच असावा अशी माझी आपली समजूत आहे. कारखान्यात मला शिवले आणि टोकाला एक चिठ्ठी लावली. तिच्यावर छापले होते, 'शंभर टक्के सुती. पक्का रंग.' पांढऱ्या कापडाला कसला आला पक्का रंग? मी पुष्कळ विचार केला, पण उत्तर सापडले नाही.

मी दारव्ह्याला राजदीप सरांच्या क्लासमध्ये आलो. क्लास एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर भरत असे. दारावर पाटी होती, 'आंतरराष्ट्रीय कराटे अकादमी'. आत तेवीस मुले आणि एक फाटकी सतरंजी. त्यात आंतरराष्ट्रीय काय होते, हे मी कितीतरी दिवस शोधत होतो.

सरांनी मला उर्वशीच्या कमरेला बांधले. उर्वशी आठवीत होती. जवळच्या तांड्यावरून ती काळीपिवळी जीपने यायची, दाटीवाटीत उभी राहून, आणि मला दप्तरात घडी घालून जपायची. फार गुणी पोर! सर सांगतील तितक्या लाथा मारायची, वर दोन जास्तच मारायची.

तीन महिन्यांनी परीक्षा झाली. परीक्षा म्हणजे तीन लाथा, एक आरोळी आणि एक फोटो. सगळे पास. सरांनी आमचे पट्टे गोळा करून घरी नेले. त्यांची आई सत्यभामाबाई यांनी मोठ्या गंजात, म्हणजे उंच पातेल्यात, रंगाचे पाणी उकळले आणि आम्हांला त्यात बुडवले. मी पिवळा होऊन बाहेर आलो. पुढे हिरवा झालो, मग तपकिरी. चौथ्यांदा गंजात पडलो, तेव्हा सत्यभामाबाईंचा हात थांबला.

"काहून रे राजदीप, पोळ्याले तं याले हिरवा केलता. पोरगी एवढ्यात काय शिकली?"

"आई, मायबाप रोज इचारते, आमची पोरगी ब्लॅक बेल्ट कवा होते. नाही केली तं क्लास सोडून जाते."

"पट्टा रंगवता येते रे बाबा. पोरगी कशी रंगवशीन?"

सरांनी स्वतःच मला काठीने पाण्यात दाबले. मी काळा झालो. खरे सांगतो मित्रांनो, तेव्हा मला फार आवडले. आरशात पाहिले आणि वाटले, आता आपण मोठे झालो. पण मोठे म्हणजे काय झालो, हे कळेना. कालचीच उर्वशी, कालचाच मी.

मग कौतुकाचे दिवस आले. तांड्याच्या फाट्यावर फलक लागला, 'आमची वाघीण, ब्लॅक बेल्ट उर्वशी'. तिचे वडील भावसिंग जाता येता फलकाजवळ थांबायचे. दर रविवारी मंदिरापुढे उर्वशी तांड्यावरच्या अकरा लहान मुलींना शिकवू लागली. त्यांत सर्वांत धाकटी खुशी, दुसरीतली. उर्वशीताईने म्हटले तर ती झाडावरूनही उडी टाकेल, अशी पोर. सरांनी ठरवले की सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणावर उर्वशीने खुशीला खांद्यावरून फेकून दाखवायचे. लोक टाळ्या वाजवतील. खुशी आनंदाने नाचली. पटांगण मुरमाचे होते, पण ते कुणाच्या मनातही आले नाही, माझ्याही नाही.

डिसेंबरात यवतमाळला स्पर्धा होती. मी काळा, म्हणून उर्वशीचे नाव काळ्या पट्ट्यांच्या गटात. समोर पांढरकवड्याची अर्पिता आली. रोजच्या सरावाने तिचा काळा पट्टा इतका विटलेला, की कडेचे पांढरे दोरे बाहेर आलेले. मी मनात हसलो. म्हटले, बिचाऱ्याला कोणी रंग दिलेला दिसत नाही!

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. अर्पिताने पाय आडवा घातला. उर्वशी उडाली आणि ताठ धरलेल्या हातावर पडली. हातात कळ गेली, तोंड पांढरे पडले. कोणीतरी पाण्याची बाटली तिच्यावर रिकामी केली, आणि माझा रंग सुटला. तिच्या पांढऱ्या स्वच्छ पोशाखावर काळे ओघळ उतरले, त्यांच्यामागून तपकिरी, त्यांच्यामागून हिरवे. लोक हसू लागले. माझ्या टोकावरची चिठ्ठी ओली होऊन सगळ्यांसमोर लोंबत होती, 'पक्का रंग'. मेल्याहून मेल्यासारखे झाले मला.

अर्पिता हसली नाही. गुडघ्यावर बसून तिने विचारले, "तुले पडणं नाही शिकोलं का कोणी?"

"पडणं? ते कायले शिका लागते?"

"आमाले पयले सहा महिने तेच शिकोलं. हनुवटी छातीले लावायची, अंग गोल करायचं. ज्याले पडता येत नाही, त्याले फेकूच नाही."

उर्वशीच्या डोळ्यांत एकदम भीती उतरली. दुखण्याची नव्हे. तिला खुशी आठवली होती. हात गळ्यात बांधलेला असतानाही ती संध्याकाळपर्यंत अर्पिताजवळ बसून एक एक गोष्ट विचारत राहिली.

रविवारी ती मंदिरापुढे उभी राहिली. मी तिच्या कमरेला होतो, कोणत्याच रंगाचा नसलेला. मला वाटले होते, ती मला फेकून देईल. अकरा मुली टक लावून पाहत होत्या. वाघिणीने पोरींपुढे काय सांगावे?

"मी ब्लॅक बेल्ट नाही," उर्वशी म्हणाली. "हा नुसता रंगवला होता. मले पडता येत नाही. मी खुशीले फेकणार नाही."

खुशी रडायलाच लागली. "मंग आमाले काय येते, ताई?"

"काहीच नाही येत. आतापासून शिकू."

भावसिंगांच्या घरात माळ्यापर्यंत कापूस भरलेला होता. हात बरा झाल्यावर रोज त्याच ढिगावर सगळ्या जणी पडायला शिकल्या. अंगाला खाज सुटायची, केसांत कापूस अडकायचा. भावसिंग आधी ओरडले, "अवो पोरीहो, इकायचा हाय तो!" मग त्यांनी स्वतःच ढीग पसरून दिला. मी मात्र सुखात होतो. कापसात आलो होतो ना, माझ्या माणसांत.

एक दिवस दारात राजदीप सर येऊन उभे राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "उर्वशी, मले बी कोणी शिकोलं नव्हतं. चार दिवसांचं शिबिर केलतं अन् पट्टा आणलता."

उर्वशी थोडी घाबरली, पण बोलली, "मंग रांगेत उभे राहा, सर."

सव्वीस जानेवारीला मुरमावर पोती आणि गाद्या अंथरल्या. लोकांना फेकाफेकी पाहायची होती. त्याऐवजी बारा मुली एकामागून एक नुसत्या पडल्या आणि हसत उठल्या. सर्वांत शेवटी सर पडले, धप्पदिशी. "हे काय पडूनच राह्यले सारे?" लोक गोंधळून एकमेकांना विचारत होते. पहिल्यांदाच असे झाले, की गोंधळ त्यांचा होता आणि मला सगळे समजत होते.

मित्रांनो, आता मी खुंटीवर असतो. उर्वशीने मला पुन्हा रंगवले नाही. उद्या तुमच्याही कमरेला कोणी भारी रंगाचा पट्टा बांधेल, गळ्यात हार घालील. घाला, मिरवा. पण तुमच्या भरवशावर एखादी खुशी उडी मारायला उभी असेल, तर आधी तिला खरे सांगा. माझी चिठ्ठी अजून तशीच आहे. माझे सगळे रंग विटले, तिच्यावरची शाई मात्र अजिबात गेलेली नाही.