माझ्या अंगावरची खोटी धूळ

मित्रांनो, मला पेटी म्हणतात. हार्मोनियम म्हणून हाक मारलीत तरी ओ देईन. नामदेवरावांनी चाळीस वर्षांपूर्वी सुलतान बाजारातून मला खांद्यावर घरी आणलं. दिवसा त्यांची वीज कचेरीतली कारकुनी, संध्याकाळी जामबागच्या मंदिरात कीर्तनाला साथ. बुवांनी नाम उचललं, की माझा भाता आनंदाने फुगायचा. "पेटी फार गोड हो!" एवढं बुवा म्हणाले तरी मला आठवडाभर पुरायचं. घरी मात्र लहानगा हर्षवर्धन वाट बघून झोपी गेलेला असायचा.

आता नामदेवराव निवृत्त झालेत. रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसतात. हर्षवर्धन सिनेमे काढतो. गेल्या महिन्यात तो दिवे, कॅमेरे नि चार माणसं घेऊन घरी आला. चित्रपट कशावर, तर निवृत्त होऊन एकट्या पडलेल्या बापावर! आणि बापाचं काम बाबांनीच करायचं.

"पेटी लई चकाचक दिसतेय," म्हणत त्याने माझ्या पट्ट्यांवर राख नि पावडर फुंकली. कोपऱ्यात कापसाचं जाळं चिकटवलं. शिसारी आली हो मला! ज्या अंगाला बुक्का लागायचा, त्याला ही घाण.

"नक्को रे," त्याची आई तारामती कळवळल्या, "सुरांत जाईल ते."

"दोन मिनिटं आई, मग पुसू."

बाबांच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसून टाकलं आणि मुलाकडे बघत, संवादांच्या कागदावर नव्हतंच ते बोलले, "हर्षा, तू शाळेत नाचलास, बक्षीस घेतलंस, मी एकदाही आलो नाही. देवाच्या दारी होतो म्हणून स्वतःला माफ करत आलो. चुकलो रे बाळा."



"कट! क्या बात है बाबा! आता परत एकदा. फक्त 'बाळा' जरा थांबून म्हणा."

"ते एकदाच होतं," म्हणून बाबा उठले.

"अरे, तुझ्याशीच बोलत होते की ते!" तारामती म्हणाल्या.

हर्षवर्धन थबकला. मग कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून, बापाचे शब्द मशिनीतून ऐकू लागला. बाप तिथेच, चार हातांच्या अंतरावर, चपला शोधत होता. मला राखेपेक्षा त्या डोळे मिटण्याचीच जास्त किळस आली.

मित्रांनो, माझी राख काय, कुणीही पुसेल. तुम्ही एवढंच करा. घरातलं म्हातारं माणूस बोलू लागलं, की हातातलं खाली ठेवा, जवळ सरका. त्याला पुन्हा बोलायला लावू नका, पहिल्यांदाच ऐका.